रेशनमधून वगळलेल्या नावांसाठी

सोलापूरच्या पूर्व भागात, अशोक चौकापासून अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीपर्यंत पसरलेल्या वस्त्यांमध्ये, विडी वळणाऱ्या आणि यंत्रमागावर राबणाऱ्या कुटुंबांचा महिना रेशनच्या तांदूळ-गव्हावर निघतो. अंत्योदय कार्डावर घराला महिन्याला ३५ किलो आणि प्राधान्य कुटुंबाच्या कार्डावर माणशी ५ किलो धान्य द्यावे, असे राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ सांगतो आणि जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे. आठवड्याची मजुरी हातात येताच उधारी, घरभाडे आणि औषधे यांत संपून जाते अशा घरात चूल पेटण्याची एवढीच खात्री असते. २०२५ च्या उन्हाळ्यानंतर आमच्या ओळखीच्या घरांतून ही खात्री जाऊ लागली. त्याविरुद्ध दाद मागण्यासाठी आमच्या भागातील मंदिर समिती, मशिदीची जमात, चर्च, बुद्धविहार, महिला बचत गट आणि विडी कामगार संघटनेच्या कार्यकर्त्या एकत्र कशा आल्या, कोणत्या वाटेने गेल्या आणि त्यातून काय पदरात पडले, हे मी येथे सविस्तर लिहीत आहे, कारण ज्या अडचणीत आमची माणसे सापडली त्याच अडचणीत इतर गावांतील माणसेही आहेत.

मी महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होते. निवृत्तीनंतर आमच्या मंदिराच्या अन्नदानाचा हिशेब माझ्याकडे आला. दर सोमवारी दुपारी भात, आमटी आणि एक भाजी असा साधा स्वयंपाक होतो आणि त्यासाठी वस्तीतील बायका आठवडाभर मूठ-मूठ तांदूळ बाजूला काढून देवळातील डब्यात आणून टाकतात. त्या वर्षी पावसाळ्याच्या सुमारास डब्यातील तांदूळ कमी होऊ लागला आणि पंगत मात्र वाढू लागली. हिशेबाच्या वहीत दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिलेले असल्यामुळे ही गोष्ट डोळ्यांआड होणे शक्य नव्हते. पंगतीत नवीन आलेल्या बायकांमध्ये माझ्या जुन्या विद्यार्थिनी होत्या, आणि त्यांतील काही जणी अगदी होळीपर्यंत स्वतः तांदूळ आणून टाकणाऱ्या होत्या. विचारल्यावर एकीने खाली मान घालून सांगितले, "बाई, कार्डावरची आमची तीन नावं कमी झाली. दुकानदार म्हणतात, ऑनलाइन दिसतच नाहीत."

झाले होते ते असे. कार्डावरील प्रत्येक सदस्याने आधारशी जोडलेली ओळखपडताळणी, म्हणजे ई-केवायसी, करून घ्यावी असा केंद्राचा आग्रह होता आणि त्याची मुदत वेळोवेळी वाढवली जात होती. त्याच सुमारास, २०२५ च्या एप्रिल आणि मे महिन्यांत, राज्यात अपात्र शिधापत्रिका शोधण्याची मोहीम राबवली गेली. त्यात दुकानदारामार्फत अर्ज वाटायचा, कुटुंबाने राहत्या जागेचा अलीकडचा पुरावा जोडून तो परत द्यायचा आणि पुरावा नसेल तर कार्ड अडकायचे, अशी रीत होती. पुढे जुलै २०२५ मध्ये केंद्राने सार्वजनिक वितरणाच्या नियंत्रण आदेशात दुरुस्ती केली. सहा महिने धान्य न उचललेले कार्ड तात्पुरते निष्क्रिय करावे आणि त्यानंतर तीन महिन्यांत प्रत्यक्ष घरी जाऊन पडताळणी व ई-केवायसी करून पात्रता ठरवावी, असे त्यात म्हटले आहे. कागदावर प्रत्येक पाऊल समजण्यासारखे आहे. मृत व्यक्तीच्या नावावर धान्य उचलले जाऊ नये, एकाच माणसाचे नाव दोन कार्डांवर असू नये, याला कोणाचाही विरोध असण्याचे कारण नाही. पण ही सारी पावले एकाच वेळी ज्या घरावर पडतात, ते घर भाड्याचे असते, त्यातील कर्ता मुलगा हैदराबादला किंवा भिवंडीला कामाला गेलेला असतो आणि घरातील बाईच्या बोटांचे ठसे यंत्राला उमटत नाहीत.

बोटांविषयी थोडे अधिक लिहिणे आवश्यक आहे. विडी वळणारी बाई तेंदूचे पान पाण्यात भिजवते, पत्र्याचा साचा त्यावर ठेवून कात्रीने तुकडा कापते, त्यात तंबाखू भरून अंगठा आणि पहिल्या दोन बोटांच्या टोकांमध्ये तो वळते, तोंड बोटाने आत दाबते आणि दोरा बांधते. दिवसभरात हीच क्रिया शेकडो वेळा होते आणि ती दहा-बारा वर्षांच्या वयापासून चाळीस-पन्नास वर्षे चालते. त्या टोकांची कातडी गुळगुळीत, तपकिरी आणि कडक होते. मी दुकानात उभी राहून पाहिले आहे. एक म्हाताऱ्या अम्मा यंत्राच्या काचेवर अंगठा ठेवत, यंत्र नकार देई; दुकानदार म्हणे, "अम्मा, दुसरं बोट"; त्या बोट पदराला पुसून पुन्हा ठेवत; मग कोणीतरी खोबरेल तेल लावायला सांगे, कोणी लिंबू चोळायला सांगे. दहाही बोटे झाल्यावर त्या बाजूला सरल्या आणि मागची बाई पुढे आली. दुकानदाराला मी दोष देत नाही, कारण यंत्रावर पावती निघाल्याशिवाय तो धान्य देऊ शकत नाही आणि दिले तर तूट त्याच्या अंगावर येते. असे काही महिने गेले की ते कार्ड धान्य न उचलणाऱ्यांच्या यादीत जाते. ज्या बाईने आयुष्यभर आपल्या बोटांवर घर चालवले, तिची तीच बोटे तिला अपात्र ठरवतात, हे मला पाहवत नव्हते.

मंदिराच्या सभामंडपात पहिली बैठक भरली तेव्हा सगळे एका मताचे नव्हते. आमच्याच समितीतील काही ज्येष्ठांचे म्हणणे होते की आपण अन्नदान करतो, ते वाढवू. सरकारी कामात देवस्थानाने पडू नये. हे म्हणणे मनापासूनचे होते आणि त्यामागे मोठी परंपरा आहे. शेजारच्या अक्कलकोटला अन्नछत्र आहे, लिंगायत मठांत दासोह आहे, रमजानमध्ये आमच्या भागातील मशिदीत इफ्तारला कोणत्याही जातीधर्माचा माणूस बसतो. उपाशी माणसाला ताट वाढणे हे या शहराला शिकवावे लागत नाही. पण त्या दिवशी मी फळा मागवला आणि हिशेब मांडला. पाच माणसांच्या प्राधान्य कुटुंबाचे महिन्याचे धान्य २५ किलो होते. अशी शंभर घरे बंद झाली तर महिन्याला २५ क्विंटल, वर्षाला ३०० क्विंटल. आमचा वर्षातील सर्वांत मोठा महाप्रसाद, ज्यासाठी महिनाभर वर्गणी गोळा होते, तो काही क्विंटल तांदळात पार पडतो. म्हणजे शंभर घरांचे फक्त एक महिन्याचे रेशन भरून काढायचे तर आम्हाला कित्येक महाप्रसाद करावे लागतील, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तितकेच. जे स्वतः शिजवून वाढतात त्यांनाच धान्याचे वजन खरे ठाऊक असते. म्हणूनच या कपातीला विरोध करण्याचा पहिला अधिकार आणि पहिले कर्तव्य अन्नदान करणाऱ्यांचे आहे, असे मला वाटते, आणि तेच मी तेथे बोलले.

जमातीच्या एका बुजुर्गांनी त्यावर आणखी एक मुद्दा मांडला. जकात देणारा कोणाला द्यायचे ते स्वतः ठरवतो, रेशनच्या दुकानात मात्र बाई आपल्या नावावर, आपल्या हक्काने धान्य मागते आणि तिला कोणाचे उपकार मानावे लागत नाहीत, असे ते म्हणाले. अन्न सुरक्षा कायद्यातही कार्डाची कुटुंबप्रमुख म्हणून घरातील अठरा वर्षांवरील सर्वांत मोठ्या स्त्रीचेच नाव असते. ती प्रमुख आमच्या पंगतीत ताट पुढे करते तेव्हा तिचे पोट भरते, पण घरातील तिची जागा मागे सरकते. आमच्या समितीतील सर्वांत वयोवृद्ध सदस्यांनी १९७२ च्या दुष्काळाची आठवण काढली. तेव्हा रेशनवर मिलो ज्वारी मिळे. मालदांडी खाणाऱ्या सोलापूरकरांना ती गळ्याखाली उतरत नसे, तरी तिने माणसे जगली. त्याही काळात धर्मशाळांतून पेज वाटली जात होती, परंतु लोकांना तारले ते रेशनने आणि खडी फोडण्याच्या सरकारी कामांनी, असे त्यांनी सांगितले. आमचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर यांनी लोकांना हाताशी धरून तलाव खोदला, ते प्रत्येकाला तांब्याभर पाणी वाटत बसले नाहीत, हे त्यांचे वाक्य झाल्यावर विरोध करणारे ज्येष्ठच पुढच्या कामात सर्वांत आधी उतरले.

चर्चमधील एका भगिनींनी अमेरिकेतील घडामोडी सांगितल्या, त्या येथे थोडक्यात नोंदवते. तेथे गरिबांना अन्नखरेदीसाठी मिळणाऱ्या 'स्नॅप' या मदतीत जुलै २०२५ च्या कायद्याने मोठी कपात झाली, आणि सरकारी कामकाज बंद पडल्यामुळे त्याच वर्षी नोव्हेंबरच्या सुरुवातीला ही मदतच अडली. सुमारे चार कोटी लोक त्यावर अवलंबून आहेत. तेथील चर्च आणि अन्नपेढ्या या कपातीविरुद्ध उभ्या राहिल्या, कारण त्यांच्या अन्नपेढ्यांच्या सर्वांत मोठ्या जाळ्याचे, 'फीडिंग अमेरिका'चे, सांगणे असे की आम्ही एक जेवण देतो तेव्हा स्नॅप नऊ जेवणे देते. तो देश वेगळा, तेथील व्यवस्था वेगळी. पण आमच्या फळ्यावरचा हिशेब त्याहून फार निराळा नव्हता.

पुढचे काम नोंदणीचे होते. प्रत्येक संस्थेने आपापल्या दारात टेबल मांडले आणि आम्ही एकच छापील नमुना सर्वांना दिला: बारा अंकी शिधापत्रिका क्रमांक, कार्डाचा प्रकार, पूर्वीची युनिट, म्हणजे कार्डावर धान्य मिळणारी माणसे, आणि आताची युनिट, शेवटचे धान्य कोणत्या महिन्यात मिळाले, दुकानदाराने तोंडी काय कारण सांगितले. मंदिरात मुसलमान बायका आल्या, मशिदीच्या ओट्यावर पद्मशाली बायका बसल्या, आणि चर्चच्या आवारात बुधवार पेठेतील बौद्ध तरुणांनी तेलुगू, कन्नड व दखनी बोलणाऱ्या आजीबाईंचे अर्ज मराठीत भरून दिले. अर्ज साचत गेले तशी कारणे वेगवेगळी दिसू लागली. बोटांचे ठसे न जुळणे हे मोठे कारण होतेच. त्याखालोखाल नावांतील फरक होता. आमच्याकडे एकाच बाईचे नाव जुन्या कार्डावर लक्ष्मीबाई, आधारवर लक्ष्मम्मा आणि बँकेत नुसते लक्ष्मी असते. आडनाव आधी की नवऱ्याचे नाव आधी, यातही मेळ नसतो. माहेरच्या कार्डावरून नाव कमी झालेल्या पण सासरच्या कार्डावर अजून न चढलेल्या सुना होत्या. घरमालक भाडेकरार करून देत नाही आणि वीजबिल त्याच्याच नावावर, म्हणून राहण्याचा पुरावा नसलेली घरे पुष्कळ होती. शिवाय जिवंत माणसे मयत म्हणून नोंदली गेल्याची काही उदाहरणे निघाली. त्यांतील एक आजोबा स्वतः कार्यालयात जाऊन उभे राहिले, तरी त्यांच्याकडे हयातीचा दाखला मागितला गेला.

अर्ज घेताना आम्ही छाननीही केली. घरात चारचाकी असलेले, नोकरदाराचे पगारपत्रक असलेले, गावाकडे दुसरे कार्ड असलेले असे लोकही टेबलावर आले. त्यांना आम्ही नम्रपणे सांगितले की तुमचा अर्ज आम्ही पुढे नेणार नाही, आणि मृत सदस्याचे नाव कमी करण्याचा अर्ज भरायला उलट मदत केली. अपात्र कोणीच नाही असे म्हणणारे निवेदन कोणत्याही अधिकाऱ्याने बाजूला ठेवले असते. आमच्या यादीला वजन आले ते या छाननीमुळे.

अर्ज कार्यालयात देताना प्रत्येक अर्ज स्वतंत्र, त्याची एक प्रत आपल्याकडे, आणि त्या प्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक असलेली पोच, हा नियम आम्ही कटाक्षाने पाळला. हे सांगायला सोपे आहे. प्रत्यक्षात "ठेवून जा, बघतो", "सर्व्हर बंद आहे", "सेतूतून ऑनलाइन करा", "दुकानदाराकडे जा" अशी उत्तरे मिळतात, आणि एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर जाता जाता बाईची त्या दिवसाची मजुरी बुडते. विडीची मजुरी दर हजार विड्यांमागे मिळते. सकाळ कार्यालयात गेली की तितकी पाने वळायची राहतात. म्हणून आम्ही ठरवले की अर्जदार बाईने एकदाच यायचे आणि पाठपुराव्याला बचत गटातील कार्यकर्तीने अधिकारपत्र घेऊन जायचे. पोच नाकारली गेली तर तोच अर्ज टपाल कार्यालयातून नोंदणीकृत पाठवायचा आणि टपालाची पावती अर्जाला जोडून ठेवायची. शासनाच्या १९६७ या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांकही वहीत लिहायचा. कागद असा बोलू लागला की खिडकीपलीकडील भाषा बदलते, हा अनुभव आम्हाला आला.

आमच्या अर्जात मागणी मोघम नव्हती. नाव कोणत्या आदेशाने, कोणत्या तारखेला आणि कोणत्या कारणासाठी वगळले, त्याआधी नोटीस कधी दिली आणि घरी जाऊन पडताळणी कोणी केली, एवढेच आम्ही लेखी विचारत होतो. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१७ मध्येच राज्यांना कळवले होते की केवळ आधार नाही म्हणून कोणा पात्र माणसाचे नाव यादीतून काढू नये, आणि ठसे जुळले नाहीत तर शिधापत्रिका व आधारपत्र पाहून, स्वतंत्र नोंदवहीत नोंद करून धान्य द्यावे. झारखंडमधील सिमडेगा जिल्ह्यात त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये एक अकरा वर्षांची मुलगी दगावली होती. आधार जोडले नाही म्हणून कार्ड रद्द झाले आणि घरात अनेक दिवस अन्न नव्हते, असे तिच्या आईचे सांगणे होते. प्रशासनाने कारण वेगळे सांगितले, पण ते परिपत्रक त्यानंतर आले. आम्ही त्याची प्रत प्रत्येक अर्जाला जोडली. नोंदवहीवर धान्य देण्याची ही सोय आमच्या भागातील अनेक दुकानदारांना कोणी सांगितलेलीच नव्हती.

त्याच वेळी ज्यांची ई-केवायसी होऊ शकत होती त्यांची ती करून टाकणे भाग होते. 'मेरा ई-केवायसी' या मोबाइल ॲपवर चेहऱ्याने पडताळणी होते, परंतु त्यासाठी आधारला जोडलेल्या मोबाइलवर येणारा ओटीपी लागतो. अम्मांच्या आधारला जोडलेला क्रमांक परगावी गेलेल्या मुलाचा, किंवा केव्हाच बंद पडलेला. मग आधी आधार केंद्रावर क्रमांक बदलायचा, तो नोंदला जाईपर्यंत थांबायचे आणि नंतर चेहरा. आम्ही सभामंडपात, मशिदीत आणि चर्चच्या सभागृहात पाळीपाळीने शिबिरे घेतली. महाविद्यालयातील मुले-मुली फोन घेऊन बसत; परगावच्या मुलाला व्हिडिओ कॉल लावून "ओटीपी सांग, आईच्या रेशनचा आहे" असे सांगत आणि अम्मांना खिडकीजवळ, उजेडात बसवून डोळ्यांची उघडझाप करायला लावत. मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेल्यांना त्याचाही त्रास होई. ज्यांचे चेहऱ्यानेही जमले नाही त्यांच्यासाठी डोळ्यांचे स्कॅन करणारे यंत्र दुकानात मागवून घ्यावे लागले, आणि अंथरुणाला खिळलेल्यांसाठी घरी येऊन पडताळणी करावी असा स्वतंत्र अर्ज दिला.

काही दिवसांनी नवीनच अडथळा पुढे आला. नाव पुन्हा चढवण्यास कार्यालयाची हरकत नव्हती, पण "इष्टांक शिल्लक नाही" असे उत्तर मिळू लागले. याचा अर्थ असा की कायद्याने प्रत्येक राज्याला लाभार्थ्यांची कमाल संख्या ठरवून दिली आहे. महाराष्ट्रात ती ग्रामीण लोकसंख्येच्या ७६.३२ टक्के आणि शहरी लोकसंख्येच्या ४५.३४ टक्के आहे, आणि लोकसंख्या धरली आहे ती २०११ च्या जनगणनेची. २०२१ ची जनगणना झालीच नाही आणि पुढच्या जनगणनेत माणसे मोजली जाणार आहेत ती २०२७ मध्ये. दरम्यान जन्मलेली मुले, शहरात आलेली कुटुंबे या हिशेबात नाहीत. त्यावर उत्पन्नाची अट आहे: प्राधान्य कुटुंबासाठी शहरात वर्षाला ५९,००० रुपये, म्हणजे महिन्याला पाच हजारांहूनही कमी. ही मर्यादा कायदा आला तेव्हाची आहे. घरात दोन माणसे कमावती असतील, एक विडी वळत असेल आणि एक टॉवेलच्या कारखान्यात पाळी करत असेल, तर खरे उत्पन्न लिहिल्याबरोबर ते घर अपात्र ठरते. केशरी कार्ड असूनही धान्य मिळत नाही अशी कितीतरी घरे आमच्याकडे आहेत, ती याच रेषेच्या वर चार पैशांनी गेलेली. मला या सगळ्यात सर्वांत अन्यायाची वाटते ती हीच गोष्ट, कारण बोटांचा प्रश्न यंत्राने किंवा नोंदवहीने सुटू शकतो, पण ही रेषा सरकारने हलवल्याशिवाय सुटत नाही. एका गरिबाचे नाव कापल्याशिवाय दुसऱ्या गरिबाचे नाव चढू नये, अशी आज तिची रचना आहे.

म्हणून वैयक्तिक अर्जांबरोबर एक सामाईक निवेदन करायचे ठरले आणि जिल्हा परिषदेच्या पूनम गेटसमोर आम्ही एक दिवस धरणे धरले. तेथे रोजच कोणी ना कोणी बसलेले असते. पण पुजारी, मौलाना, पास्टर आणि भंते एका सतरंजीवर बसले आहेत आणि त्यांच्या मागे विडीची सुपे मांडीवर घेऊन बायका वळत बसल्या आहेत, हे लोकांनी थांबून पाहिले. बायकांनी काम सोबत आणले होते, कारण दिवस बुडवणे त्यांना परवडणारे नव्हते. भाषणे मोजकीच झाली. निवेदनात आमचे म्हणणे असे होते की लेखी नोटीस आणि घरभेट यांशिवाय एकही नाव कमी करू नये, ठसे न जुळणाऱ्यांना नोंदवहीवर धान्य द्यावे, भाडेकरूंसाठी स्वयंघोषणा व शेजाऱ्यांचा पंचनामा पुरावा म्हणून स्वीकारावा, आणि उत्पन्नाची मर्यादा व इष्टांक वाढवण्याची शिफारस शासनाकडे पाठवावी. २०२२ च्या दिवाळीत शंभर रुपयांत सुरू झालेला 'आनंदाचा शिधा' २०२५ च्या दिवाळीत मिळाला नाही, याचाही उल्लेख करावा असे काहींचे मत होते. तो रवा, साखर, डाळ, तेल सणाला उपयोगी पडत असे हे खरे. परंतु तो योजनेतला होता आणि दरमहाचे धान्य कायद्यातले आहे, त्यामुळे निवेदन कायद्यापुरतेच ठेवले.

त्यानंतरचा टप्पा कायद्याने दिलेल्या तक्रार यंत्रणेचा. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम १५ प्रमाणे जिल्ह्यासाठी तक्रार निवारण अधिकारी असतो आणि त्याच्या निर्णयाने समाधान झाले नाही तर कलम १६ खालील राज्य अन्न आयोगाकडे अपील करता येते. वकील लागत नाही आणि साधा अर्ज चालतो. आम्ही माहितीच्या अधिकारात वगळलेल्या नावांची कारणनिहाय माहिती मागवली आणि ती हाती आल्यावर तक्रारी दाखल केल्या. सुनावणीला बायका स्वतः बोलल्या. नोटीस मिळाली होती का, या एकाच प्रश्नाचे त्यांचे उत्तर पुरेसे होते, कारण नोटीस दिल्याची पोच दुसऱ्या बाजूकडे नव्हती. अधिकाऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतले, हेही मला नमूद केले पाहिजे. ठसे न जुळल्यामुळे आणि नावांतील फरकामुळे वगळलेली बहुतेक नावे पुन्हा चढली. मयत दाखवलेल्या जिवंत माणसांची नोंद दुरुस्त झाली. सुनांची आणि लहान मुलांची नावे मात्र इष्टांकाच्या कारणाने अजून रांगेत आहेत, आणि भाडेकरूंच्या पुराव्याचा निर्णय घरागणिक वेगळा झाला. एकाच चाळीतील एक खोली पात्र आणि शेजारची अपात्र, असेही घडले.

राहिलेला मोठा प्रश्न मधल्या महिन्यांच्या धान्याचा. नाव परत आले तरी बंद काळातील धान्य परत मिळत नाही, "मागचे देता येत नाही" एवढेच सांगितले जाते. परंतु हक्काचे धान्य पुरवले गेले नाही तर अन्न सुरक्षा भत्ता द्यावा, असे कायद्याच्या कलम ८ मध्ये स्पष्ट आहे. आम्ही प्रत्येक कुटुंबाचा महिनावार तक्ता करून तो भत्ता मागितला आहे आणि भाडेकरूंच्या प्रकरणांसह हा विषय अपिलात नेत आहोत. ज्या घरांचे धान्य अजून सुरू झालेले नाही त्यांना मंदिर, मशीद, चर्च आणि विहार पाळीपाळीने तांदूळ-गहू देत आहेत. तो जितका द्यायला हवा तितका आम्ही देऊ शकत नाही. दिलेल्या प्रत्येक पिशवीची नोंद शिधापत्रिका क्रमांकासह होते, समोर त्या घराला त्या महिन्यात सरकारकडून मिळायला हवे होते तितके किलो लिहिले जातात, आणि या वहीची साक्षांकित प्रत आमच्या अपिलाला जोडलेली आहे.